लग्न मे महिन्यात, घसा डिसेंबरपासून

पत्र थोडक्यात: निफाड तालुक्यातल्या एका बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारणाऱ्या ४९ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र आहे. डिसेंबरात लाल कांद्याची आवक जोरात असताना त्यांना सर्दी, खोकला आणि ताप आला. ताप चार दिवसांत उतरला, पण बसलेला आवाज अर्धा मार्च सरला तरी सुटलेला नाही. सकाळी त्यातल्या त्यात बरा निघतो, दुपारच्या सत्रापर्यंत पार चिरकतो. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, तोंडात दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी, सगळं करून झालं. रक्तदाबाची गोळी तीन वर्षांपासून चालू आहे. पंचवीस वर्षं विडी ओढली, दोन वर्षांपूर्वी सोडली, आता तंबाखू-चुना आहे. गिळताना दुखत नाही, जेवण व्यवस्थित आहे. पत्नीचा आग्रह आहे की नाशिकला जाऊन दुर्बिणीने घसा तपासून घ्यावा. ते म्हणतात, मे महिन्यात मुलीचं लग्न आहे, ते उरकलं की दाखवतो. आत्ता डॉक्टरांनी ‘महिनाभर बोलू नका’ म्हटलं तर पुकारायला दुसरा उभा राहील आणि माझी जागा जाईल. पत्राची शेवटची ओळ अशी आहे: ‘माझ्या चुलतभावाच्या गळ्याला भोक पाडलं होतं. तपासायला नेलं नसतं तर एवढं झालं नसतं, असं घरात सगळे म्हणतात.’

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रात लग्न आहे, नोकरी आहे, आणि या दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण मला वाटतं तुम्हाला अडवून धरलंय ते त्या शेवटच्या ओळीने. म्हणून आधी तिथूनच बोलते.

गळ्याला बाहेरून भोक पाडतात ते बहुतेक वेळा श्वासासाठी. स्वरयंत्रात काही वाढत गेलं आणि हवेची वाट बंद व्हायला आली, की तातडीने खालून वाट करून द्यावी लागते. नाहीतर स्वरयंत्रच काढावं लागतं, तेव्हा ते भोक कायमचं राहतं. हे दोन्ही प्रसंग आजार बराच पुढे गेल्यावर येतात. घरच्यांनी पाहिलेला क्रम असा की आधी तपासणी झाली, मग भोक पडलं; म्हणून दोष तपासणीवर गेला. पण त्या तपासणीच्या आधी किती महिने आवाज बसलेला होता, हे घरात कुणी आठवून पाहिलंय का? एकदा त्या चुलतभावाच्या घरच्यांना विचारा. ‘सुई लावली, तुकडा काढला की पसरतं’ हेही तुमच्या घरात बोललं जात असेल. स्वरयंत्रातला तुकडा तपासायला काढल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा तपासायच्या आधीच्या महिन्यांत, कुणी पाहत नसताना तो वाढलेला असतो.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम केलं. बसलेला आवाज घेऊन येणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायचे, ‘आत कुणी पाहिलंय का?’ औषधं किती झाली, ते नंतर. तुम्हालाही तेच विचारते. सव्वातीन महिन्यांत तुम्ही औषधं घेतलीत, गुळण्या केल्यात, हळदीचं दूध प्यायलात, पण ज्या जागी बिघाड आहे ती जागा आजवर एकाही माणसाने डोळ्यांनी पाहिलेली नाही. टॉर्च मारून ‘आ करा’ म्हणतात तेव्हा पडजीभ आणि टॉन्सिल दिसतात. ज्यांच्यामुळे आवाज निघतो ते स्वरतंतू त्याच्या बरेच खाली, श्वासनळीच्या तोंडाशी असतात. जीभ दाबून ते कुणालाच दिसत नाहीत.

गुळण्यांचंही तेच. गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. पोचलं असतं तर तुम्हाला ठसका लागून जीव कासावीस झाला असता, कारण ती श्वासाची वाट आहे. गुळणीने वरचा घसा शेकला जातो, बरं वाटतं, करायला हरकत नाही. तिच्यावर भिस्त मात्र ठेवू नका. अँटिबायोटिकबद्दल सांगायचं तर थंडीतला असा घसा बहुतेक वेळा विषाणूमुळे बसतो, त्यावर ते चालत नाही, आणि तो आपोआप एक-दोन आठवड्यांत सुटतो. तुमचा सुटला नाही, म्हणजे गोष्ट वेगळी आहे किंवा वेगळी झाली आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारल्या, त्यात हेच म्हटलंय की आवाज चार आठवड्यांत सुटला नाही तर स्वरयंत्र पाहा. आणि तंबाखूसारखं धोक्याचं कारण असेल तर चार आठवडेही थांबू नका. आत न पाहता अँटिबायोटिक किंवा पित्ताच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, असंही त्यात आहे. तुमचे चौदा आठवडे झालेत.

आता आत काय असू शकतं ते सांगते. यातलं तुमचं कोणतं, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

स्वरतंतू म्हणजे दोन नाजूक पट्ट्या, बोटाच्या एका पेराएवढ्या. आपण बोलतो तेव्हा त्या टाळी वाजवल्यासारख्या एकमेकींवर आपटतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, आणि तुमच्यासारखं उंच पट्टीत पुकारताना दोनशेच्याही पुढे. तासाभराच्या लिलावात निम्मा वेळ जरी आवाज चालू असला, तरी साडेतीन लाखांच्या वर टाळ्या झाल्या. मी लिलाव जवळून पाहिलाय. ट्रॅक्टरच्या ओळीतून व्यापाऱ्यांचा घोळका सरकत असतो, पायाखाली फुफाटा, हवेत कांद्याची टरफलं, आणि मधोमध एक माणूस पन्नास-पन्नास रुपयांनी भाव चढवत श्वास न घेता बोलत असतो. अशा माणसाच्या घशात सर्दीने सुजलेल्या पट्ट्या असताना त्याने एक दिवसही सुट्टी घेतली नाही, तर त्या पट्ट्यांवर घट्टे पडू शकतात. फावडं धरून तळहाताला पडतात तसेच. दोन्ही बाजूंना समोरासमोर पडतात, त्यांना नोड्यूल म्हणतात. कधी एखाद्या दिवशी जोरात ओरडताना आतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि एकाच बाजूला मऊ फुगा येतो, तो पॉलिप. विडी जास्त ओढलेल्यांच्या पट्ट्या कधी पाणी भरल्यासारख्या फुगतात आणि आवाज जाडाभरडा होतो. यातलं काहीच कॅन्सर नाही.

तुमचा आवाज सकाळी बरा असतो आणि कामाने बिघडत जातो, हे वापराच्या ताणाकडे बोट दाखवतं. ज्यांचं पित्त झोपेत घशापर्यंत येतं त्यांचं बहुधा उलट असतं. सकाळीच आवाज खराब, सारखं खाकरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं. पण ही नुसती दिशा झाली. थायरॉइड मंदावला तरी आवाज जड होतो, त्याला रक्ताची साधी तपासणी पुरते. दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांचा आवाज बसतो. स्वरयंत्राचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो. त्यात खोकला, वजन उतरणं, रात्रीचा घाम असं काही सोबत असू शकतं. थुंकीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडला तर आवाज हवा गळाल्यासारखा होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. गंमत अशी की त्याचं मूळ छातीत असू शकतं, कारण डाव्या स्वरतंतूची नस हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परत वर येते. म्हणून अशा माणसाच्या छातीचाही फोटो काढतात.

आणि कॅन्सर. तो शब्द तुम्ही पत्रात कुठेच लिहिला नाहीत, तरी सगळं पत्र त्याच्याभोवती फिरतंय. पंचवीस वर्षांची विडी आणि चौदा आठवडे बसलेला आवाज, एवढ्यावरून तो नाहीच असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही ज्यावर विसंबून आहात ते ‘दुखत नाही’ इथे उपयोगाचं नाही. स्वरतंतूवरची सुरुवातीची गाठ दुखत नाही, गिळताना अडत नाही. ती एकच खूण देते, आवाज बदलतो. आणि हीच त्यातली चांगली बाजू आहे. पोटात, फुफ्फुसात गाठ वाढत राहते आणि माणसाला पत्ता नसतो. स्वरतंतूवर मात्र तांदळाच्या दाण्याएवढं काही आलं तरी आवाज लगेच सांगतो. तिथून बाहेर पसरायलाही तिला सहसा वेळ लागतो. अगदी पहिल्या टप्प्यात सापडली तर किरणांनी किंवा लेझरने दहातले नऊजण बरे होतात, आणि गळ्याला भोक पडत नाही. तुम्ही ज्याला घाबरताय ते टाळण्याची संधी या टप्प्यातच असते.

अंबडच्या कारखान्यातले एक फोरमन माझ्याकडे आले होते. प्रेसच्या धडधडीवर ओरडून ओरडून आवाज गेलेला. आठ महिने त्यांनी कुणाला दाखवलं नाही. घरी बायकोपाशी ‘सर्दी आहे’ म्हणायचे आणि रात्री गच्चीवर जाऊन बसायचे. शेवटी पाहिलं तर मुगाच्या दाण्याएवढा पॉलिप. तपासणीला लागली पाच मिनिटं, आणि त्याआधी आठ महिने त्या माणसाने मनातल्या मनात स्वतःचं तेरावं घातलं होतं. त्यांची आठवण झाली की मला अजून वाईट वाटतं.

दुर्बिणीला तुम्ही ऑपरेशन समजताय का? तसं नाही. खुर्चीत बसवतात. नाकात किंवा घशात बधिर करणारा फवारा मारतात, चव कडू लागते आणि थोड्या वेळाने घसा जाड झाल्यासारखा वाटतो. मग एकतर तोंडातून कडक दुर्बीण किंवा नाकातून शेवयीसारखी मऊ नळी घालतात. तुम्हाला ‘ई’ म्हणायला सांगतात, श्वास घ्यायला सांगतात. पट्ट्या उघडताना-मिटताना समोरच्या पडद्यावर दिसतात, तुम्हालाही पाहता येतात. उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, दोन-तीन मिनिटांत संपतं. भूल नाही, टाका नाही. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत तासभर काही खाऊ-पिऊ नका, नाहीतर ठसका लागेल. मग परत निफाडला. काही ठिकाणी स्ट्रोबोस्कोपी करतात, म्हणजे उघडझाप करणाऱ्या प्रकाशात पट्ट्यांची थरथर संथ झाल्यासारखी दिसते. बारीक दोष त्यात कळतात. एक सांगते. जिवंत माणसाचा स्वरतंतू हलताना ज्याने नीट पाहून जगाला सांगितलं, तो डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा होता. मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. १८५४ मध्ये त्याने छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश घेऊन स्वतःच्याच घशात डोकावून पाहिलं. आवाजावर पोट असलेल्या माणसालाच ते पाहण्याची ओढ लागली होती.

आता लग्न. आज पंधरा मार्चच्या पुढे आहोत, लग्न मेमध्ये. मधे सहा-आठ आठवडे आहेत. घट्टे निघाले तर पहिला उपचार ऑपरेशन नाही, आवाजाचे व्यायाम आहेत, आणि त्यांना साधारण एवढाच काळ लागतो. म्हणजे आत्ता दाखवलंत तर मुलीच्या लग्नात पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हणताना तुमचा आवाज तुमच्याजवळ असेल. पॉलिप निघाला आणि काढावा लागला, तर पूर्ण भूल देऊन तोंडातूनच, बाहेर काप न घेता काढतात. त्यानंतर साधारण आठवडाभर मौन आणि मग हळूहळू बोलणं. तारीख डॉक्टरांशी बोलून लग्नाच्या नंतरची घेता येईल, पॉलिपला तेवढी घाई नसते. कॅन्सर निघाला तर मात्र हे दोन महिने फार मोलाचे आहेत. आणि काहीच विशेष निघालं नाही तर तुम्ही निवांत मनाने पत्रिका वाटाल. कोणताही हिशोब केला तरी ‘लग्नानंतर’ हे उत्तर मला सापडत नाही.

नोकरीचं म्हणाल तर ‘महिनाभर एक शब्द बोलू नका’ असं आता फारसं कुणी सांगत नाही. पूर्ण मौन लागतं ते ऑपरेशननंतर किंवा रक्तवाहिनी फुटली असेल तर, तेही थोडे दिवस. एरवी आवाज जपून वापरायचा असतो. समितीच्या सचिवांना आत्ताच सांगा, घसा तपासेपर्यंत दुपारचं सत्र दुसऱ्याला द्या, सकाळचं मी करतो. आणि माइक मागा. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला अडकवायचा माइक मिळतो, शाळांतल्या बाई वापरतात तसला. व्यापारी दोन दिवस वळून पाहतील, मग सवय होईल. तुमची जागा माइकने जाणार नाही. असाच फाटका आवाज घेऊन उभे राहिलात आणि भाव ऐकण्यावरून वांधा झाला, तर मात्र समितीच दुसरा शोधेल.

जाईपर्यंत एवढं करा. कुजबुजत बोलू नका. पुष्कळांचा घसा कुजबुजताना उलट जास्त आवळला जातो. हळू पण मोकळ्या आवाजात बोला. खाकरून घसा साफ करण्याची सवय असेल, आणि ती बहुतेकांना असते, तर त्याऐवजी घोटभर पाणी गिळा, कारण खाकरणं म्हणजे पट्ट्यांची आपटाआपट. धुळीत तोंडाला उपरणं बांधा. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होऊ नका. साध्या पाण्याची वाफ घ्यायला हरकत नाही, बाम न घालता.

ज्येष्ठमध बंद करा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय. अधूनमधून एखादी कांडी ठीक, पण महिनोन् महिने दिवसभर चघळलं तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. तुम्हाला रक्तदाब आहे. दाब एकदा मोजून घ्या. आणि गोळीचं नाव वाचा. रामिप्रिल, एनालाप्रिल अशा ‘प्रिल’वाल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागून राहतो. तुम्हाला अजून खोकला असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने गोळी सोडू नका.

विडी सुटली ही मोठी गोष्ट केलीत, पंचवीस वर्षांची सवय होती. आता ती गालातली चिमूटही जायला हवी. घशासोबत तोंडही तपासायला सांगा, गालाच्या आत, जिभेखाली. सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितले तर ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून सोडू नका. एक तर मी वर्षानुवर्षं करून घेतलाय. पेल्यात चार बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवायची आणि ओठांनी ती घट्ट धरून ‘ऊऽऽ’ असा आवाज काढत बुडबुडे सोडायचे. गाल सैल, खांदे खाली. पाण्याचा उलटा दाब पट्ट्यांना जरा दूर धरतो, त्या कमी जोरात आपटतात, ताण न पडता आवाज निघतो. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. पहिल्या दिवशी पोरं हसतात, आठ दिवसांनी तीच पेला आणून देतात.

हे वाचणारे आणखीही असतील. पहिली-दुसरीच्या वर्गावर असलेल्या बाई, पहाटे काकडा म्हणणारे, रविवार कारंजावर भाजी विकणाऱ्या मावशी. तुमचाही नियम हाच, चार आठवडे झाले की आत पाहून घ्या. पण श्वास घेताना घरघर किंवा शीळ येत असेल, थुंकीत रक्त असेल, गिळताना अडकत असेल, कानात दुखत असेल, मानेत गाठ लागत असेल, किंवा मानेच्या, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज गेला असेल, तर आठवडे मोजत बसू नका. श्वासाला त्रास असेल तर त्याच तासाला दवाखाना गाठा. ओरडता ओरडता आवाज एकदम तुटला, तर त्या क्षणी गप्प व्हा आणि दुसऱ्या दिवशी दाखवा.

भाऊ, त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे, आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही आहे. पुढे ऑपरेशन किंवा मोठा उपचार निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा; रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही पिशवीत टाका, फेकली नसतील तर. आणि वहिनींना बरोबर घ्या. ‘आवाज कधीपासून बदलला?’ असं डॉक्टर विचारतील तेव्हा तुम्ही डिसेंबर म्हणाल. त्या काय म्हणतात ते ऐका. रोज घरात तुमचा आवाज त्या ऐकतात, कदाचित त्यांचं उत्तर दिवाळीच्याही आधीचं असेल.